तुझं कॉलेज किती वाजता भरतं?

«ताई, मी १९ वर्षांची, भांडुपला राहते. बारावी कॉमर्स मराठी माध्यमातून केलं. बाबांची नोकरी सुटली म्हणून घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर लागले, सकाळी नऊ ते दुपारी दोन. सोबत बी.कॉम.ला ऑनलाइन ॲडमिशन घेतली. आता तीन महिने झाले. रात्री जेवणं आटोपली की दहाला मोबाइल घेऊन बसते, पण दुसरं लेक्चर संपायच्या आत डोळे मिटतात. ४७ लेक्चरं बघायची राहिलीत. सगळं इंग्रजीत असतं. वर्गात २०० जण आहेत, पण मी कुणाला ओळखत नाही आणि मला कुणी ओळखत नाही. मैत्रिणी माटुंग्याच्या रुईया कॉलेजच्या नाक्यावरचे फोटो टाकतात. मामा म्हणतो, घरबसल्या मिळते ती डिग्री कसली! हे सोडून पुढच्या वर्षी साध्या कॉलेजात जाऊ का?»
— भांडुपची, नाव छापू नका

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एक गोष्ट खटकली. तुझ्या पत्रात दुपारच नाही. दोनला लॅब सुटते. घाटकोपर ते भांडुप म्हणजे मध्ये विक्रोळी आणि कांजूर, दोनच स्टेशनं. तीनपर्यंत तू घरी पोचत असणार. अभ्यासाला बसतेस रात्री दहाला. मधले सात तास कुठे जातात?

तू लिहिलं नाहीस, तरी मला अंदाज आहे. घरात शिरलीस की कुणीतरी म्हणतं, "आलीस का, बरं झालं, जरा कुकर बघ." मग पाणी भरायचं, कपडे आत घ्यायचे, दळण आणायचं, घरात लहान भावंड असेल तर त्याचा अभ्यास घ्यायचा. यात कुणी वाईट नाही. तू घरी दिसतेस, म्हणून तू मोकळी आहेस असं सगळे धरून चालतात. तू माटुंग्याला कॉलेजात असतीस तर दुपारी साडेतीनला शिट्ट्या मोजायला कुणी तुला बोलावलं नसतं. तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करायला घरातलं दुसरं कुणीतरी उठलंच असतं. (तुला मोठा भाऊ असता आणि तो ऑनलाइन शिकत असता, तर त्याला कुणी कुकर बघायला सांगितला असता का, हा प्रश्न मी इथे नुसता ठेवून देते.)

तेव्हा इंग्रजी, ४७ लेक्चरं, मामा हे सगळं नंतर. तुझी पहिली अडचण अशी की तुझं कॉलेज भरतच नाही. शाळा भरते, बाजार भरतो, ऑफिस भरतं. भरायला वेळ लागते, जागा लागते, आणि तू आली नाहीस तर ते ध्यानात येणारं माणूस लागतं. साध्या कॉलेजात या तिन्ही गोष्टी फीमध्येच येतात, आपल्याला त्या दिसतसुद्धा नाहीत. तुला फीमध्ये फक्त व्हिडिओ मिळाले. बाकीचं तुलाच उभं करायचंय.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, माझीच फजिती झालेली आहे. १९९३ मध्ये मी नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए.ला बसले. तेव्हा ऑनलाइन कुठलं, पोस्टाने खाकी पाकिटं यायची, आत सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स. पहिलं पाकीट आलं तेव्हा मी हळदकुंकू वाहायचीच काय ती बाकी ठेवली. दुसरं आलं ते कपाटावर ठेवलं. तिसऱ्यापासून पुढची सगळी थेट माळ्यावर गेली. फेब्रुवारीत माळा काढला तर सात पाकिटं निघाली, त्यातली चार न फोडलेली. त्यांतल्याच एकात परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, ती जानेवारीतच उलटून गेलेली. वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी निभावलं ते ८:०४च्या लोकलमधल्या एका बाईंमुळे. त्या माझ्या विषयाच्या नव्हत्या, एका बँकेत कॅशियर होत्या. दर सोमवारी डब्यात चढल्या की विचारायच्या, "काय, किती झालं?" सोमवारी त्यांच्यापुढे "काही नाही" म्हणायची लाज वाटायची, म्हणून रविवारी दोन पाकिटं फुटायची. तुझी ४७ लेक्चरं म्हणजे माझी माळ्यावरची पाकिटं, फरक एवढाच की तुझ्या माळ्यावर लाल आकडा दिसतो.

आता जागेचं बघू. उद्यापासून लॅबमधून थेट घरी येऊ नकोस. भांडुप, मुलुंड, विक्रोळी या पट्ट्यात अभ्यासिका शोध. काही महापालिकेच्या असतात, काही मंडळांच्या, काही महिन्याला पैसे घेणाऱ्या खाजगी. वॉर्ड ऑफिसात, जवळच्या वाचनालयात, गणपतीच्या मंडळात विचार. एमपीएससीची मुलं कुठे बसतात ते विचारलंस तरी पत्ता लागेल, त्या मुलांना शहरातली प्रत्येक शांत खुर्ची माहीत असते. अडीच ते पाच तिथे बस. अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस. घरी सांगताना "अभ्यासाला जाते" म्हणू नकोस, "कॉलेजला जाते, सव्वापाचला येते" असं सांग. शब्दाने फरक पडतो. अभ्यास पुढे ढकलता येतो, कॉलेज ढकलता येत नाही.

वरळीला सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. त्याला सगळे अभ्यास गल्लीच म्हणतात. बीडीडी चाळीतली आणि आजूबाजूची मुलं वर्षानुवर्षं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसत आली. आपल्याकडे या गल्लीची गोष्ट नेहमी गरिबी आणि जिद्द अशी सांगतात. खरंच आहे ते, १६० चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं असल्यावर पुस्तक उघडायचं कुठे? पण मला त्या गल्लीतलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. तिथे शेजारी आणखी कुणीतरी वाचत बसलेलं असतं. आपण उठलो तर ते दिसतं.

अभ्यासिका नाहीच मिळाली तर घरातलीच एक जागा आणि एक वेळ पक्की कर. बिछान्यावर मात्र नको. झोपायच्या जागी लेक्चर लावलं की शरीर आपलं काम चोख करतं, झोपतं. तुझे डोळे मिटतात त्यात आळस नाही, पहाटेपासून राबलेल्या माणसाचे डोळे रात्री दहानंतर मिटणारच. घरात आजी असेल तर हजेरीचं खातं तिच्याकडे दे. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज पेनाने ह किंवा गै लिहायचं, एवढंच. आज्यांना हे काम फार आवडतं, आणि त्या गै लिहिताना कुणाची भीड ठेवत नाहीत.

बसल्यावर करायचं काय? थोडा हिशेब करू, कॉमर्सची आहेस.

मुक्त आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०२०ची नियमावली आहे. तिच्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरलाय. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास. सेमिस्टरला २० क्रेडिट असतील तर ६०० तास. वीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ३०. छातीत धस्स झालं ना? "ऑनलाइन म्हणजे हलकं" ही समजूत इथेच मोडते. व्हिडिओ अर्ध्या तासाचा असतो म्हणून आपल्याला वाटतं अर्ध्या तासात धडा झाला. पण त्या ३० तासांत व्हिडिओ हा एक भाग. बाकी वाचन, उदाहरणं सोडवणं, स्वतःची चाचणी घेणं, असाइनमेंट, चर्चा हे सगळं त्यातच धरलेलं आहे.

तुला अडीच तासांचे सहा दिवस आणि रविवारचे चार धरून १९ तास मिळतात. ३० काही होत नाहीत, आणि होतील असं मी खोटं सांगणार नाही. म्हणून निवड करावी लागेल. माझं मत विचारशील तर ४७ लेक्चरं पहिल्यापासून बघायला घेऊ नकोस. लोक हमखास इथेच बुडतात. मागचं भरून काढताना चालू आठवडा निसटतो, मग तोही मागे पडतो, आणि आकडा ५५ होतो. आधी या आठवड्याची लेक्चरं घे. जुन्यांपैकी थिअरीच्या विषयांचे व्हिडिओ सरळ सोड, त्यांचं छापील किंवा पीडीएफ साहित्य वाच. वाचायला ऐकण्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि नाही कळलं तरच त्या मुद्द्याचा व्हिडिओ उघड. अकाउंट्सचं तसं करता येत नाही. तिथे रोजकीर्द (जर्नल) कच्ची राहिली तर खतावणी (लेजर) चुकते आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) काही केल्या जुळत नाही. तेव्हा जुनी लेक्चरं क्रमाने बघायची तर फक्त अकाउंट्सची, आठवड्याला तीन.

बघायची म्हणजे कशी, ते दाखवते. समज, सरांनी स्क्रीनवर उदाहरण लिहिलं: सुरेशला १०,००० रुपयांचा माल १० टक्के व्यापारी सुटीने उधारीवर विकला. जीएसटी सध्या बाजूला ठेव. इथे व्हिडिओ थांबव. वहीत स्वतः नोंद कर. तू कदाचित सुरेश नावे (डेबिट) ९,०००, सूट नावे १,०००, विक्रीला १०,००० असं लिहिशील. छान दिसतं, दोन्ही बाजू जुळतात. मग व्हिडिओ चालू कर. सर लिहितात, सुरेशचे खाते नावे ९,०००, विक्री खात्याला ९,०००. सुटीचा पत्ताच नाही!

हा जो धक्का बसतो ना, तोच अभ्यास. व्यापारी सूट बिलातच वजा होते, पुस्तकात तिची नोंद होत नाही. पैसे वेळेत भरले म्हणून दिलेल्या रोख सुटीची होते. थांबवलं नसतंस तर सरांचं उत्तर बघून तू "हो, बरोबर" म्हणून मान डोलावली असतीस आणि परीक्षेत हजार रुपये चुकवले असतेस. वर्गात सर फळ्याकडे वळून "बोला, काय येईल?" विचारतात, ते काम इथे तुझ्या अंगठ्याने करायचंय. त्यामुळे अर्ध्या तासाच्या व्हिडिओला तास लागेल, लागू दे. आणि दीडपट वेगाने अकाउंट्स बघणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

इंग्रजीचं. तुला अकाउंट्स येत नाही असं नाही, तुला त्यातले शब्द परके वाटतायत. अकरावी-बारावीची दोन वर्षं तू हेच शिकलीस, मराठीत. वहीच्या मागच्या पानापासून दोन रकाने आख. डेबिट — नावे. लेजर — खतावणी. ट्रायल बॅलन्स — तेरीज. बॅलन्स शीट — ताळेबंद. डेप्रिसिएशन — घसारा. गुडविल — ख्याती. बॅड डेट्स — बुडीत कर्ज. महिनाभरात शंभरेक शब्द होतील आणि तुझ्या लक्षात येईल की सर काही नवीन बोलतच नाहीयेत. बारावीचं पुस्तपालनाचं पुस्तक रद्दीत दिलं असशील तर शेजारच्या कुणाकडून मागून आण. खरं सांगायचं तर घसारा हा शब्द डेप्रिसिएशनपेक्षा कितीतरी बोलका आहे, वस्तू घासली जातेय हे ऐकूच येतं. मात्र उत्तरपत्रिका मराठीत लिहायची परवानगी आहे का, ते विद्यापीठाला आत्ताच विचारून घे. काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते.

मोबाइलवर बघतेस, तर रोजचा डेटा संध्याकाळीच संपत असणार. लॅबमध्ये किंवा अभ्यासिकेत वायफाय असेल तर दुसऱ्या दिवशीची लेक्चरं तिथे ॲपमध्ये उतरवून घे, चित्राचा दर्जा कमी ठेव, सरांचा चेहरा अस्पष्ट दिसला तरी चालतो, आकडे दिसले म्हणजे झालं. लोकलमध्ये लेक्चर बघायचा उत्साह नको. लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून तेरीज जुळत नाही. तिथे शब्दांची वही काढ, कांजूर येईस्तोवर दहा शब्द होतात.

आता ते २०० अनोळखी लोक. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्या २०० जणांतल्या बहुतेकांनी घरी बसून हेच वाक्य मनात म्हटलेलं असणार. कॅमेरा बंद ठेवून सगळे अंधारात बसलेत. तुला २०० नकोत, एक हवी. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि "नोट्स प्लीज"च्या गर्दीत एक मेसेज टाक: «मध्य रेल्वेवर कुणी राहतं का? मी भांडुप. दर दुसऱ्या रविवारी अकाउंट्सची उदाहरणं एकत्र सोडवायला बसायचं आहे.» ठाणे, मुलुंड, कुर्ला, कुठूनतरी उत्तर येईल. दोघीच आलात तरी पुरे. ती तुझी ८:०४ची बाई.

आणि चर्चेसाठी जो फोरम दिलेला असतो तो वापर. ऑनलाइन अभ्यासक्रमात व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि स्वयंचाचणी यांच्या जोडीला हा चौथा भाग द्यावाच लागतो, विद्यापीठ तुझ्यावर उपकार करत नाही. फक्त "सर, नाही समजलं" असं लिहू नकोस, त्याला सर तरी काय उत्तर देणार? "सातव्या उदाहरणात व्यापारी सूट वजा केली पण नोंदवली नाही, मी ती नावे टाकली होती, का चुकलं?" असं लिही. असे तीन प्रश्न विचारलेस की सरांना तुझं नाव ठाऊक होतं. शिवाय यूजीसीच्या त्या २०२०च्या नियमावलीप्रमाणे परीक्षेला बसायला ऑनलाइन उपक्रमांतला सहभाग मोजतात आणि अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत गुण असतात. गप्प बसणं परवडणारं नाही.

मामाला दोन वाक्यांत उत्तर दे. एक, घरबसल्या शिकणं हे कालचं खूळ नाही, मुंबई विद्यापीठात दूरशिक्षणाची सोय १९७१पासून आहे आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. दोन, मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलंय. यात "मान्यताप्राप्त" हा शब्द महत्त्वाचा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तुझ्या विद्यापीठाचं नाव, तुझं प्रवेशवर्ष आणि बी.कॉम. हा अभ्यासक्रम, तिन्ही बघून घे. ते तिथे असेल तर मामाशी यापुढे वाद घालू नकोस, त्याला चहा दे.

रुईया नाक्याचं मात्र मी खोटं समाधान करणार नाही. एकोणिसाव्या वर्षी नाक्यावर उभं राहून कुणाच्या तरी वडापावातला अर्धा खायचा, एकांकिकेच्या तालमी बघत लेक्चर बुडवायचं, हे तुला मिळत नाहीये आणि त्याचं वाईट वाटणं अगदी बरोबर आहे. त्यावर व्हिडिओ हा उपाय नाही. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी त्या मैत्रिणींनाच नाक्यावर जाऊन भेट. फोटोतलं कॉलेज आणि प्रत्यक्षातलं कॉलेज यात बराच फरक असतो, तोही त्या निमित्ताने कळेल. त्यांचीही लेक्चरं बुडालेली असतील.

सोडावं का? आत्ता नाही. तू ऑनलाइन शिकून पाहिलंस असं अजून झालेलंच नाही. तू रात्री दहानंतर, दमून, बिछान्यावर, एकटीने शिकून पाहिलंस. आधी एवढं बदल आणि पहिल्या सेमिस्टरची परीक्षा दे. तीन पेपर सुटले, दोन राहिले, तरी हरकत नाही. सुटलेल्या पेपरांची क्रेडिट तुझ्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावर जमा राहतात, २०२१पासून ही सोय आहे. पुढच्या वर्षी साध्या कॉलेजात जायचं ठरलंच तर ती धरतील का, हे त्या कॉलेजात विचारता येईल. आणि घरची अडचण पुढच्या जूनपर्यंत सुटणार आहे का, हेही आईबाबांशी बसून बोल. नोकरी राहणारच असेल तर सकाळचं कॉलेज तुला तसंही जमणार नाही.

पुढच्या सोमवारपासून अडीच ते पाच. कुठे जागा मिळाली ते मला कळव.

— तुझी ताई

ता.क. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची की घरून कॅमेऱ्यासमोर, हे आजच बघून ठेव. घरून असेल तर खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही, आणि दोन खोल्यांत ते कुणाला समजावणार? केंद्राचा पर्याय असेल तर तोच घे. फॉर्मची शेवटची तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिही. माळ्यावर ठेवू नकोस.